मिसिसिपीवरील तरती संगीतशाळा

रेल्वेचे जाळे पसरू लागले आणि मिसिसिपी नदीवरील वाफेच्या बोटींचा मालवाहतुकीचा धंदा बसत चालला, तेव्हा स्ट्रेकफस कुटुंबाने आपल्या बोटींतून माणसे न्यावयाची, आणि तीही कोठे पोहोचविण्यासाठी नव्हे तर नदीवर चार घटका नाचून परत आणण्यासाठी, असा नवा व्यवसाय आरंभिला. नाचावयाचे म्हणजे वाद्यवृंद हवा. आणि ह्या केवळ व्यापारी निकडीतून, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, अमेरिकन संगीतातील एक अत्यंत कडक आणि फलदायी पाठशाळा पाण्यावर उभी राहिली.

तिचा आचार्य फेट मॅरेबल. केंटकीतील पदूका गावी १८९० साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय पियानोवादक, आईकडून धडे घेऊन, १९०७ मध्ये स्ट्रेकफसांच्या चाकरीस लागला, आणि पुढे तीनएक दशके नदीनेच त्याला पोसले. बोट गावाच्या घाटाजवळ आली की छपरावरील वाफेचा बाजा, म्हणजे कॅलिओपी, वाजवून वर्दी देण्याचा शिरस्ता होता. बॉयलरमधील वाफ शिट्ट्यांच्या रांगेतून सोडणाऱ्या त्या यंत्राचा नाद कोसभर जाई. परंतु पट्ट्या इतक्या तापत आणि वरून कढत पाण्याचे तुषार इतके उडत, की वादकाला हातांत मोजे, अंगात रेनकोट आणि कानांत कापूस घालून बसावे लागे. अशा जामानिम्यात तो बसला आहे, किनाऱ्यावर पोरे धावत आहेत, आणि तिकिटांच्या खिडकीशी रांग लागते आहे, हे चित्र मला ह्या सबंध हकिकतीत फार प्रिय वाटते.

१९१८ च्या सुमारास मॅरेबलने न्यू ऑर्लिन्सचे वादक निवडून एक वृंद बांधला. त्यात ड्रमवर बेबी डॉड्स, बासवर पॉप्स फॉस्टर, बँजोवर जॉनी सेंट सायर आणि कॉर्नेटवर विशीही न गाठलेला लुई आर्मस्ट्राँग होता. ही मंडळी कानाने वाजविणारी, प्रतिभेने ओसंडणारी. परंतु कागदावरील स्वरलिपी झरझर वाचण्याची सवय त्यांतील सर्वांनाच नव्हती. मॅरेबलचा हुकूम असा, की नवी पाने समोर ठेवताच ती वाजविता आली पाहिजेत. आर्मस्ट्राँगला ही विद्या त्याच वृंदातील डेव्हिड जोन्स ह्या मेलोफोनवादकाने फुरसतीच्या वेळी जवळ बसवून शिकविली. न्यू ऑर्लिन्समध्ये कोणाची बोटीवर नेमणूक झाली, की तो आता संगीत-विद्यालयात चालला, असे सोबती म्हणत. आणि ते अक्षरशः खरे होते.

शिस्त केवळ आचार्याची नव्हती. मालक नृत्यभूमीशी घड्याळ घेऊन उभे राहत आणि लय ठरल्या वेगाच्या पुढे-मागे झाली तर जाब विचारीत, कारण पावले अडखळली तर उतारू पुन्हा येत नाहीत, हा त्यांचा जमाखर्च. ह्या लयीच्या प्रश्नावरूनच बेबी डॉड्स १९२१ मध्ये नोकरी सोडून गेला. आर्मस्ट्राँगही त्याच सुमारास गेला. कलावंताचा मान राखावा तर डॉड्सचा पक्ष मला पटतो. तथापि हेही मान्य केले पाहिजे, की पुढे १९३० नंतर ज्याला स्विंग म्हटले गेले, ज्यात तुतारीवाले, ट्रॉम्बोनवाले आणि सॅक्सोफोनवाले आपापल्या तुकडीने लिहिलेली वाक्ये एका श्वासात वाजवितात आणि मधल्या मोकळ्या जागेत एकटा वादक मुक्त विहार करतो, त्या संगीताला वाचन आणि उत्स्फूर्तता ह्यांचा हाच संयोग लागत होता. स्विंगच्या भर काळातही ही शाळा चालूच होती. ड्यूक एलिंग्टनने १९३९ मध्ये ज्याला आपल्या वृंदात घेतले, तो बासवादक जिमी ब्लँटन त्याआधी उन्हाळ्यात मॅरेबलच्याच हाताखाली बोटीवर वाजवीत असे.

एक गोष्ट मात्र मनाला सलते. वृंद कृष्णवर्णीयांचा, आणि नाचणारे गोरे. सेंट लुईसमध्ये कृष्णवर्णीय उतारूंना बोटीवर चढण्याची मुभा होती ती सोमवारच्या रात्री. आपल्याच लोकांचे संगीत ऐकण्यासाठी आठवड्याच्या एका रात्रीची वाट पाहणाऱ्या त्या माणसांची व्यथा कोणत्याही दप्तरात नोंदली गेली असेल, असे मला वाटत नाही.

ह्या शाळेचा एक दूरचा धागा मुंबईपर्यंत येतो. आर्मस्ट्राँगचा आदर्श समोर ठेवून तुतारी फुंकणारा गोमंतकीय वादक अंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला गेला, पुणतांब्याचे सी. रामचंद्र ह्यांनी त्याला हिंदी चित्रपटसंगीतात आणले, आणि भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तो व त्याचा वृंद पडद्यावरही दिसतो. ते चित्र पुन्हा पाहताना वाचकांनी तुतारीकडे जरूर कान द्यावा.

मॅरेबल १९४७ मध्ये सेंट लुईस येथे वारला. इतकी वर्षे रात्रीमागून रात्री वाजविणाऱ्या त्याच्या वृंदाची एकच तबकडी निघाली, १९२४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ओके कंपनीने मुद्रित केलेली, दोन बाजूंची. तिच्यात आर्मस्ट्राँग नाही. तो तीन वर्षांपूर्वीच बोटीवरून उतरला होता.