आपल्याला गाडी दिसते, पण गाडीला आपण दिसतो का?

मागच्या भागात आपण बुटांबद्दल बोललो. आज बूट, वेग, दम हे सगळं बाजूला ठेवू. रात्री रस्त्यावर धावायला गेलेला माणूस धडधाकट घरी कसा येईल, एवढंच आज बोलायचं आहे.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं वाराणसीत आहे. इथे अंधारात धावण्याला पर्यायच उरत नाही असे महिने असतात. मे-जूनमध्ये दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, लू वाहते, सकाळी सातलाच ऊन चटके देतं. म्हणून मी रात्री नऊनंतर निघतो, नाहीतर पहाटे चारला. कितीतरी वर्षं मी यात धोका आहे असं फारसं मनावर घेतलंच नव्हतं. काळी चड्डी, काळा टी-शर्ट आणि कानात गाणी, असा माझा थाट होता.

मग १९ जानेवारी २०२५ चा रविवार आला. बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी सहाच्या सुमाराला धावत होती. एसटी बसने त्यांना चिरडलं. तीन मुलं गेली. माझी ताई बीड जिल्ह्यातच राहते आणि तिचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा त्याच भरतीसाठी तशाच एका रस्त्यावर रोज पळत होता. ताईचा फोन आला. ती रडत नव्हती, रागावली होती. म्हणाली, "तूच त्याला धावायचं वेड लावलंस. आता तूच सांग त्याला, अंधारात कसं पळायचं ते." आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच सांगता येत नाहीये. "जपून पळ" याच्या पुढे माझ्याकडे शब्द नव्हते.

तेव्हापासून जे वाचलं, करून बघितलं, ते आज सांगतो.

सगळ्यात मोठा घोटाळा आपल्या डोक्यात असतो. रात्री रस्त्यावर गाडी येते तेव्हा तिचे दिवे आपल्याला किलोमीटरभरावरून दिसतात. थोड्या वेळाने तो उजेड आपल्या अंगावर पडतो. आपल्याला स्वतःचे हात दिसतात, रस्ता दिसतो, आणि मन म्हणतं, आता मी त्यालाही दिसलो. इथेच चूक होते. आपण दिव्याकडे बघतोय आणि तो अंधाराकडे. आपल्या अंगावर पडलेल्या उजेडातला फार थोडा त्याच्या डोळ्यांपर्यंत परत जातो, आणि काळ्या कपड्यांवरून तर जवळजवळ नाहीच.

भाचा सुट्टीत वाराणसीला आला तेव्हा आम्ही हे करूनच बघितलं. एका निर्मनुष्य, बंद रस्त्यावर शेजाऱ्यांची कार उभी केली, दिवे डिपरवर. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. भाचा काळ्या कपड्यांत, फोन कानाला लावून, कारपासून लांब चालत निघाला. चाळीसेक पावलांवर तो मला दिसेनासा झाला. तो मात्र फोनवर विचारतच होता, "मामा, दिसतोय ना अजून?" त्याला स्वतःच्या अंगावरचा उजेड दिसत होता, त्यामुळे माझा विश्वासच बसेना त्याला. शेवटी त्याला गाडीत बसवलं आणि मी चालत गेलो. तेव्हा पटलं. तुमच्या घरात कोणी रात्री धावणारं असेल तर व्याख्यान देऊ नका, हा प्रयोग करा. आणि हेही लक्षात घ्या की मला ठाऊक होतं, समोर माणूस आहे. खऱ्या ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं.

आता या चाळीस पावलांचा हिशोब मांडू. चाळीस पावलं म्हणजे साधारण ३० मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसणं, ते माणूस आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर संपले. ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे थांबायला ४५ मीटर हवेत आणि तुम्ही दिसलात ३० वर. ताशी ८० ला तर जवळपास ७० मीटर लागतात. यात ड्रायव्हर प्यायलेला नाही, झोपेत नाही, मोबाईल बघत नाही. चांगला, जागा ड्रायव्हरसुद्धा तुम्हाला वाचवू शकत नाही, असा हा हिशोब आहे.

मग दिसायचं कसं? इथे माझी स्वतःची एक समजूत पार खोटी निघाली. मला वाटायचं, पोपटी किंवा नारिंगी, तो डोळ्यांत खुपणारा निऑन रंग घातला की काम झालं. तो रंग झळाळतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. गाडीच्या दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात. रात्री तुमचा महागडा पोपटी टी-शर्ट साध्या पांढऱ्या बनियनच्या पुढे फारसा जात नाही.

कामाचं असतं ते रेडियम. म्हणजे आपण ज्याला रेडियम म्हणतो ते. त्यात खरं रेडियम काही नसतं. त्यात काचेचे बारीक मणी किंवा छोटे छोटे कोन असतात आणि ते उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. दिवा गाडीला, डोळे दिव्याच्या जवळच, म्हणून ड्रायव्हरला ती पट्टी दीड-दोनशे पावलांवरून पेटल्यासारखी दिसते. शेजारी उभ्या माणसाला मात्र काहीच विशेष दिसत नाही, आणि म्हणूनच घालणाऱ्याला ती बिनकामाची वाटते.

पट्टी कुठे लावायची, हे त्याहून महत्त्वाचं. १९७३ मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी माणसांच्या सांध्यांवर चमकत्या खुणा लावल्या आणि बाकी सगळा अंधार ठेवला. नुसते ठिपके हलत होते, तरी बघणाऱ्यांनी क्षणात ओळखलं की हा चालणारा माणूस आहे. ठिपके थांबले की मात्र ते नुसते ठिपकेच. आपल्या कामाचा अर्थ असा: छातीवरचा चमकता चौकोन हा पाटी असू शकतो, उभ्या ट्रॅक्टरची ट्रॉली असू शकते. पण घोट्याशी, गुडघ्याशी आणि मनगटाशी वर-खाली होणारी चमक म्हणजे माणूसच. ड्रायव्हरच्या त्या दीड सेकंदातला मोठा वाटा हे ओळखण्यातच जातो. म्हणून एकच पट्टी असेल तर ती घोट्यांना लावा. नंबरप्लेट बनवणाऱ्याकडे तुकडा मिळतो. कापडी पट्टी मिळाली तर शिंप्याकडून पायमोज्यांच्या वर बांधायचे पट्टे शिवून घ्या.

आता रस्त्याची बाजू. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून पायी माणसाने उजव्या कडेने, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून धावायचं. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोल्याजवळ जुनोनीला कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत मागून कार घुसली आणि सात वारकरी गेले. मागून येणाऱ्याला तुम्ही काहीच उत्तर देऊ शकत नाही. समोरून येणारा चुकतोय हे दिसलं तर एक उडी मारून कडेला जाता येतं. त्यासाठी कडेला उतरायला जागा हवी, हे आधी बघा. पुलावर, कठड्याला चिकटून, उडी मारणार कुठे? दुभाजक असलेल्या रस्त्यावर उजवी बाजू म्हणजे दुभाजकाला खेटून नव्हे. रस्ता ओलांडून पलीकडच्या भागाची बाहेरची कड.

हा नियम पुस्तकात छान दिसतो. वाराणसीत त्याला टोटो आडवा येतो. टोटो म्हणजे ई-रिक्षा. एका रात्री मी सामने घाटाकडे शहाण्यासारखा उजव्या कडेने, घोट्याला रेडियम बांधून धावत होतो. राँग साइडने, म्हणजे माझ्या पाठीमागून, एक टोटो आला. आवाज नाही, दिवा बंद. बॅटरी वाचवायला बरेच जण बंदच ठेवतात. त्याचा आरसा माझ्या कोपरावर आदळला. हाड वाचलं, पंधरा दिवस हात सुजलेला होता. तेव्हा कळलं की रेडियम उधारीवर चमकतं. समोरच्याकडे दिवाच नसेल तर तेही काळंच. म्हणून आता पाठीला, पट्ट्यावर, सायकलचा लुकलुकणारा लाल दिवा लावतो. आणि खड्डा चुकवायला बाजूला सरकायच्या आधी मान वळवून मागे बघतो. कानातली गाणी त्या रात्रीपासून बंद आहेत. टोटोचा आवाज नसला तरी टायरखालची खडी वाजते.

पुढचा दिवा कपाळापेक्षा कमरेला बांधा. उजेड खालून तिरपा पडतो, खड्ड्याची सावली पडते आणि खोली कळते. समोरून कोणी अप्पर मारला तर दिव्याकडे बघू नका, रस्त्याच्या उजव्या कडेकडे बघत वेग कमी करा. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ घेतात. काशीत ज्यांच्यापासून सांभाळून राहावं अशांची एक जुनी म्हण आहे. पळणाऱ्याला त्यातल्या दोन गोष्टी पुरतात: सांड आणि पायऱ्या. काळा सांड डांबरावर बसला की त्याला रेडियम नसतं. आणि घाटांचं म्हणाल तर अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावं ऐकून आपलं मन हळवं होतं, पण पुरानंतर पायऱ्यांवर गाळ बसतो आणि रात्री तिथे धावणं म्हणजे दात पाडून घेणं. तिथे चाला.

कुत्री मागे लागली तर थांबा आणि चालत निघा. पळणारं काहीही त्यांना पाठलागाला बोलावतं. चावलंच तर साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. ११२ हा आणीबाणीचा नंबर देशभर चालतो.

महाशिवरात्रीला इथे लोक मणिकर्णिकेवरून निघून पंचक्रोशीची वाट रातोरात, अनवाणी पार करतात. श्रावणात प्रयागराजहून काशीला येणाऱ्या कावडियांसाठी हमरस्त्याची एक बाजू राखून ठेवतात आणि त्यातले काही रात्रभर पळतच असतात. त्यांच्या पायाला रेडियम नसतं. त्यांना राखलेली वाट सांभाळते आणि सोबतची माणसं. भरतीच्या मुलांसाठी कोणी वाट राखत नाही. इथे उत्तर प्रदेशात पोलीस भरतीला मुलांना २५ मिनिटांत ४.८ किलोमीटर पळावं लागतं, आपल्याकडे १६०० मीटर. गावाला मैदान नाही, सपाट जागा म्हणजे हमरस्ता, अंतर मोजायला किलोमीटरचे दगड. मुलं रस्त्यावर का पळतात, असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे: मग कुठे पळायचं? त्यांना बेपर्वा म्हणणं मला पटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत गंगाकाठी धुकं उतरतं तेव्हा मी रस्त्यावर जातच नाही. धुक्यात दिव्याचा उजेड ड्रायव्हरच्याच डोळ्यांवर उलटतो, रेडियमही विझल्यासारखं होतं, आणि वर केलेला सगळा हिशोब आणखी बिघडतो. त्या दिवसांत बीएचयूच्या आवारातले आतले रस्ते, नाहीतर सिगऱ्याचं स्टेडियम. फेऱ्या मारून कंटाळा येतो, येऊ दे.

भाच्याने बीडजवळ एका शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून मैदान मिळवलं. २०० मीटरची फेरी चुन्याने आखली आहे, आठ फेऱ्यांत १६०० होतात. पहिल्या आठवड्यात एकटाच होता, आता नऊ मुलं येतात. शाळेपर्यंत दोन किलोमीटर रस्ता आहेच, तेवढ्यासाठी ताईने जुन्या दप्तरांचे पट्टे कापून प्रत्येकाला दोन-दोन रेडियमचे घोट्याचे पट्टे शिवून दिलेत.

पुढच्या भागात उन्हाळ्यातलं पाणी आणि मीठ.