बुलेटचा पुढचा ब्रेक

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर पहिल्यांदा बसणाऱ्याचे पाय गोंधळतात. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आयत्या वेळी ब्रेक मारायला गेलेला पाय गिअर टाकून मोकळा होतो. या सगळ्या उलट्या कारभारात एकच गोष्ट ठरल्या जागी असते, ती म्हणजे उजव्या मुठीपुढचा ब्रेक लिव्हर. आणि नेमका त्याच्यावर कोणाचा भरवसा नसतो.

‘पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील’ हे आपण सायकल शिकताना ऐकतो आणि नातवंडांना सायकल शिकवेपर्यंत धरून ठेवतो. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात हा सल्ला अगदी खोटाही नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीवर पुढचं चाक अडवलं तर गाडी आडवी होते. पण तोच हात डांबरी रस्त्यावरही आखडता राहतो. मग मागचे ब्रेक शू पुन्हा पुन्हा बदलले जातात आणि पुढचे वर्षानुवर्षं तेच राहतात. ते झिजलेले नसतात, नुसती चकाकी येऊन गुळगुळीत झालेले असतात. एखाद्या दिवशी गरज पडते, तेव्हा लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी काही थांबत नाही. ‘बुलेटला ब्रेकच नाही’ असं मग गावभर होतं.

गाडी थांबायला लागली की वजन पुढे सरकतं. पुढचा टायर रस्त्यात दाबला जातो, मागचा हलका होतो. कोरड्या डांबरावर करकचून थांबताना बहुतेक काम पुढच्या चाकालाच करावं लागतं, कारण मागचं चाक तोवर घसरायच्या बेतात आलेलं असतं. दोन माणसं आणि सामान घेऊन निघालेल्या बुलेटला केवळ मागच्या ब्रेकवर थांबवणं म्हणजे रस्ता मोठा मिळेल या आशेवर गाडी चालवणं.

या गाडीचा ब्रेक असा का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. भारतीय लष्करासाठी बुलेटची मोठी मागणी इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डकडे नोंदवली गेली. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात हीच गाडी जुळू लागली, पुढे पूर्ण तिथेच बनू लागली. इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, कंपनी संपली, तरी मद्रासची बुलेट १९५५च्या आराखड्यावरच चालत राहिली. साडेतीनशे सीसीचं इंजिन, अठराच्या आसपास अश्वशक्ती, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. त्या काळच्या रस्त्यांवर ताशी पन्नास म्हणजे भरधाव, आणि समोर आडवं आलंच तर बैलगाडी. तेवढ्याला तो ब्रेक पुरत होता.

आता वेगाचा हिशेब बघा. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पन्नासऐवजी सत्तरने चाललात तर ती जवळजवळ दुप्पट होते आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून हवेत सोडावी लागते. इंजिन तेच, ब्रेक तोच. बदलला तो रस्ता आणि पुढे चालणारी वाहनं. डिस्क ब्रेकवाली दीडशे सीसीची गाडी समोर करकचून थांबते आणि मागची बुलेट तिच्यापर्यंत जाऊन पोचते. उसाच्या हंगामात शहाद्याकडच्या रस्त्यावर रात्री टेललाइट नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक समोर उभी ठाकते. अशा वेळी १९५५चा आराखडा उपयोगाचा नाही.

ड्रमच्या आत काय चालतं ते समजलं, तर पुढचे निर्णय सोपे होतात. चाकाच्या हबमध्ये लोखंडी ड्रम, त्याच्या आत दोन अर्धगोल शू. वायर ओढली की कॅम फिरतो आणि शू पसरून ड्रमला घासतात. साध्या ब्रेकमध्ये कॅम एकच असतो. त्यामुळे दोन शूंपैकी एक चाकाच्या फिरण्याच्या दिशेत तोंड करून असतो. चाकच त्याला ओढून ड्रममध्ये आणखी घट्ट रुतवतं. हा लीडिंग शू. दुसऱ्याला, म्हणजे ट्रेलिंग शूला, चाक मागे ढकलतं, तो नावालाच काम करतो. जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक या जातीचा, म्हणजे दोन नोकरांचा पगार देऊन काम एकाकडून घेणारा.

पुढे कंपनीने ट्विन लीडिंग शू दिला. सात इंची ड्रम, दोन कॅम, बाहेरून त्यांना जोडणारी एक छोटी दांडी. दोन्ही शू लीडिंग. ब्रेकचा जोर लगेच जाणवतो. जुनी गाडी सुधारायची तर पहिला आणि माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग हाच आहे. नंतरच्या बुलेटचं पुढचं चाक ड्रम आणि प्लेटसकट उचलायचं. गाडी दिसायला जुनीच राहते, टायर तोच ३.२५-१९, आणि थांबण्याची ताकद नवी.

पण हे चाक नुसतं अदलाबदल करून भागत नाही. शूंची प्लेट फिरू नये म्हणून तिला पुढच्या फोकच्या पायाशी पकडून ठेवणारा अडसर असतो. तो नीट बसला नाही आणि सुटला, तर प्लेट चाकाबरोबर फिरते, वायर गुंडाळते आणि चाक जागच्या जागी बंद होतं. या एका नटासाठी मिस्त्रीला दहा मिनिटं जास्त मागावीत.

दोन कॅम जोडणाऱ्या दांडीची लांबी हाही असाच दुर्लक्षित विषय. ती चुकली की एक शू आधी टेकतो आणि दुसरा हवेत राहतो. म्हणजे पैसे ट्विनचे आणि ब्रेक सिंगलचा. दांडीची पिन काढावी, दोन्ही कॅम पान्ह्याने वेगवेगळे फिरवून शू ड्रमला टेकवावेत आणि त्याच स्थितीत पिन अलगद शिरेल एवढी दांडीची लांबी करावी. मग लॉकनट. ॲक्सल घट्ट करतानाही चाक फिरवून ब्रेक दाबून धरावा आणि तसाच धरून नट आवळावा, म्हणजे प्लेट ड्रमच्या बरोबर मध्यावर बसते. ही गोष्ट इतकी फुकट आहे की गॅरेजमध्ये ती सहसा कोणी करत नाही.

ट्विन लीडिंगचा एक स्वभाव घाटात कळतो. कोरीटहून तोरणमाळला जायचं तर तापी ओलांडून शहादा आणि मग सातपुडा. सात पायरी घाट चढताना मध्येच थांबलात आणि नुसता पुढचा ब्रेक धरलात, तर गाडी मागे सरकायला लागते. चाक उलटं फिरलं की दोन्ही लीडिंग शू ट्रेलिंग होतात आणि जोर निघून जातो. तिथे मागचाच ब्रेक धरायचा, आणि जुन्या बुलेटवर तो डाव्या पायाला आहे हे लक्षात ठेवायचं.

उतरताना प्रश्न वेगळा. सतत ब्रेक लावल्याने ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लिव्हर आत आत येत राहतो. शूवरचा लायनर जास्त तापला की त्याची पकड कमी होते ती वेगळीच. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या तोरणमाळहून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहून इंजिनला काम देणं हाच उपाय. नवं चाक बसवलं म्हणून हे टळत नाही.

मुळात चाक बदलण्याआधी आहे तो ब्रेक दुरुस्त करून बघावा, असं माझं मत. स्पोक ताणले की हब किंचित अंडाकृती होतो. म्हणून ड्रमला लेथवर साफ करायचं तर चाक बांधून, आऊट काढून झाल्यावरच. शूवर खडू फासून चाक फिरवलं की लायनर नेमका कुठे टेकतो ते दिसतं. पुष्कळदा दोन टोकांनाच टेकतो, मधला भाग कोरा. तो घासून ड्रमच्या गोलाईला जुळवायला वेळ लागतो आणि ब्रेकमध्ये खरा फरक इथेच पडतो. जुन्या वायरचं आवरणही दाबलं जातं, निम्मा जोर त्यातच जिरतो. नवी वायर हा सगळ्यात स्वस्त सुधार. आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारायची किंवा हवा मारायची ही आपल्याकडची सवय सोडावी. ओल्या फडक्याने पुसावं.

एवढं करूनही ज्याला डिस्कच हवी, त्याला चूक म्हणता येत नाही. मोटरसायकलवर हायड्रॉलिक डिस्क घरोघरी पोचवली ती १९६९च्या होंडा सीबी ७५०ने. आपल्याकडे १९८३पासून एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० बनवली, ती यामाहाच्या आरडी ३५०वरून. परदेशातल्या आरडीला पुढे डिस्क होती, इथल्या राजदूतला ड्रम मिळाला. दोन सिलेंडरांची, बुलेटला सहज मागे टाकणारी ती गाडी थांबण्यासाठी बदनाम झाली. आज तिचे मालक डिस्क बसवतात तेव्हा ते खरं तर जपानमध्ये राहून गेलेला भाग परत आणत असतात. सामान्य भारतीय गाडीवर डिस्क रुळली ती १९९९च्या सीबीझेड आणि २००१च्या पल्सरच्या काळात. बुलेटच्या घराण्यातही ती त्यानंतर आली, २८० मिलिमीटरची.

जुन्या बुलेटला डिस्क म्हणजे नुसती चकती नव्हे. जुन्या फोकच्या पायाला कॅलिपर धरणारे कानच नसतात. त्यामुळे कान असलेला फोकचा पाय, डिस्कचा हब, ॲक्सल, कॅलिपर, होज पाइप आणि हँडलवरचा मास्टर सिलेंडर असं सगळं एका जातीचं, शक्यतो एकाच गाडीचं घ्यावं. स्पीडोमीटरची ड्राइव्ह आणि ब्रेक लाइटचा स्विच जुळवणं वेगळं. जुन्या पायावर वेल्डिंगने कान चिकटवून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. सगळं वजन पुढे आलेलं असताना तो सांधा तुटला तर पुढे काही करता येत नाही.

मास्टर सिलेंडर आणि कॅलिपर यांचं नातं नाजूक असतं. मास्टरचा पिस्टन मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि ब्रेक कमी मिळतो. लहान घेतला तर लिव्हर मुठीपर्यंत येतो. दिसायला सगळे सारखेच, म्हणून वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जुळवताना फसगत होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५च्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, लिव्हर पोकळ लागतो. दर दोन वर्षांनी ते बदलावं. ड्रमवाल्याला ही कटकट नसते.

आणि डिस्क बसवली म्हणजे एबीएस आलं असं नाही. १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८पासून आणि आधीच्या मॉडेलना पुढच्या वर्षापासून ते सक्तीचं झालं, पण ते सेन्सर आणि पंप जुन्या गाडीवर येत नाहीत. ड्रमच्या सवयीने लिव्हर ओढला तर डिस्क पुढचं चाक सहज अडवते. पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर हाताला नव्याने शिकवावं लागतं.

कागदपत्रांची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलू देत नाही, तेव्हा मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. त्याआधीच्या गाड्यांची नोंद धुळ्याची, त्यामुळे जुन्या बुलेटचे कागद बहुधा आधी तिकडूनच जुळवावे लागतात. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली आहे. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे १९८५ची बुलेट २०३५मध्ये या दारात उभी राहील. तोवर रोज थांबायला नवं चाक वापरावं, पण काढलेला जुना ड्रम, त्याची प्लेट, दांड्या आणि फोकचे मूळ पाय ग्रीस लावून, गोणपाटात बांधून ठेवावेत. भंगारवाला त्याचे किलोने पैसे देतो, आणि नंतर तेच भाग विकत घ्यायला गेलं तर ते किलोने मिळत नाहीत.