जुनी येझदी भंगारात द्यावी काय?

गेल्या महिन्यात पुतण्या घरी आला. म्हणाला, "काका, बाबांची येझदी भंगारवाल्याला देऊन टाकतो. जागा अडते. आणि तो क्लिक कॅमेराही." थोरले दादा कारखान्यात फिटर होते. त्यांना जाऊन आता चार वर्षे झाली.

मी लगेच नको म्हणालो नाही. आम्हा कारकुनांना आधी हिशेब मांडायची सवय!

वाचक बंधू-भगिनींनो, जुनी गाडी बंदच पडत नाही असे सांगणारा खोटे बोलतो. येझदी पडते, पण का पडली ते सांगते. प्लग काढून पाहावा. काळा, तेलकट असेल तर घासून पुन्हा बसवावा. पॉईंट काजळले असतील तर पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. दादांच्या सीटखाली प्लगपाना, एक पेचकस आणि जुने फडके, एवढेच सामान असे.

2001 सालच्या पावसाळ्यात एका लग्नाहून परतताना घाटात क्लच वायर तुटली. अंधार, मागे मी. मला घाम फुटला, दादा मात्र हसत होते. या गाडीला किक आणि गिअर यांची एकच दांडी. गिअर टाकायला तिच्यावर पाय दाबला की क्लच आपोआप मोकळा होतो. दादांनी पाय हळूहळू सोडत गाडी उचलली आणि तुटक्या वायरनेच आम्ही घरी आलो. वहिनींना त्यांनी हे सांगितलेही नाही.

पण दोषही लिहिले पाहिजेत. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागते, मागे निळा धूर. ब्रेक ड्रमचे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून ते खरोखर उपयोगाचे. रोज कामावर जाणाऱ्या पोराने नवीच गाडी घ्यावी, असे मी पुतण्याला स्पष्ट सांगितले. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 पासून त्याच नावाने नव्या गाड्या निघाल्या आहेत, पण त्यांत कार्ब्युरेटर आणि पॉईंट नाहीत. ती रस्त्यात अडली तर पॉलिश पेपर काय कामाचा?

आता कॅमेरा. आग्फा क्लिक थ्री. त्याला सेल लागत नाही. आत 120 चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. बाराच असल्यामुळे दादा बटण दाबण्याआधी दहा वेळा पाहत. आम्ही मुले उन्हात उभी राहून वैतागायचो! हल्ली रोल महाग, शिवाय धुऊन देणारे दुकान शोधावे लागते. त्यामुळे तो वापरावा असा आग्रह मी कोणाला करणार नाही.

पण आमच्या आईचा एकच फोटो आहे, 1989 चा. डोक्यावर गवताचा भारा, कपाळाला आठ्या. तो याच डब्याने काढलेला. त्याचे निगेटिव्ह दादांनी वहीच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. परवा पुतण्याला ते खिडकीशी धरून दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याचा स्वतःचा मोबाईल गेल्या वर्षी पाण्यात पडला, तेव्हा बाबांचे शेवटच्या आजारपणातले सगळे फोटो गेले होते.

भंगारवाल्याला त्याने अजून फोन केलेला नाही. रविवारी पॉईंट घासायला ये म्हटले आहे. पॉलिश पेपर मी आणून ठेवला आहे.