मदरबोर्ड कसा निवडावा?

संगणकाचे कॅबिनेट उघडा. आत एक मोठा, सपाट फलक दिसेल. त्याला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, मेमरी असे महत्त्वाचे भाग त्याच्यावरच बसवलेले असतात.

प्रोसेसरचा वेग ठरलेला असतो. मूळ वेग १०० मेगाहर्ट्‌झ आणि गुणक ४० असेल, तर प्रोसेसर ४००० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे ४ गिगाहर्ट्‌झ वेगाने चालतो. गुणक ४२ केला, की हाच वेग ४.२ गिगाहर्ट्‌झ होतो. असा वेग वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

तुम्हांला हे शिकायचे असेल, तर मदरबोर्ड घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, त्याचे सॉकेट तुमच्या प्रोसेसरला जुळते का? दुसरी, त्याचा चिपसेट वेग वाढवू देतो का? इंटेलच्या 'के' अक्षराच्या प्रोसेसरला 'झेड' मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझनला 'एक्स' मालिकेचा किंवा 'बी' मालिकेतला बहुतेक चिपसेट चालतो. 'ए' मालिकेचा चालत नाही. तिसरी, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर धातूचे हीटसिंक आहेत का? वेग वाढला, की हे भागही तापतात.

गुणक एकेक पायरीने वाढवा आणि दर वेळी तापमान पाहा. संगणक सुरूच झाला नाही, तर घाबरू नका. काही मदरबोर्डांवर 'क्लिअर सीमॉस' हे बटण असते. ते दाबले, की पहिली मांडणी परत येते. नवशिक्याला असा बोर्ड सोयीचा. व्होल्टेज मात्र जपून वाढवा. ते फार वाढले, तर प्रोसेसर कायमचा निकामी होऊ शकतो. मग कोणतेही बटण उपयोगी पडत नाही.