नळी बदलल्याने नेम सुधारतो का?

५० मीटर रायफल प्रकारात निशाणावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटर ढळलं तरी दहा हाती लागतात. पण दशांश पद्धतीत मोजायला लागलं की मध्यापासून दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण निसटतो. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोन (पालथं झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं. दोघांचाही खेळ या मिलिमीटरांतच झाला.

इतक्या बारीक हिशोबाच्या खेळात साहित्याबद्दल समजुती पसरणारच. त्यातली सगळ्यात महाग समजूत म्हणजे गुण अडले की रायफलची नळी बदलावी, नेम आपोआप सुधारतो. अनेक घरांत पदरमोड करून मुलामुलींच्या नेमबाजीचा खर्च भागवला जातो, त्यामुळे या समजुतीची तपासणी नीट व्हायला हवी.

निशाणावर दिसणारा फैलाव दोन गोष्टींतून येतो. एक, रायफल आणि काडतूस मिळून होणारा फैलाव, म्हणजे रायफल शिकंज्यात घट्ट धरून झाडली तरी जो उरतो तो. दुसरा नेमबाजाचा स्वतःचा: श्वास, नाडी, ट्रिगरवरचं बोट, वाऱ्याचा अंदाज. हे दोन्ही फैलाव सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते, आणि तिचं वर्गमूळ निशाणावर दिसतं. सोयीचे आकडे घेऊ. नेमबाजाचा फैलाव २० मिलिमीटर, रायफलचा १५; एकूण २५. आता नवी, उत्तम नळी बसवली आणि रायफलचा फैलाव १५ वरून १० वर आला. एकूण किती? साधारण २२.४. रायफल एक तृतीयांशाने सुधारली, निशाण मात्र जेमतेम दहा टक्क्यांनी. त्याऐवजी नेमबाजाने सरावाने स्वतःचा फैलाव २० वरून १५ वर आणला, तर जुन्याच नळीवर एकूण फैलाव २१.२ होतो.

हाच हिशोब मुरलेल्या नेमबाजासाठी करून पाहू. त्याचा फैलाव ८, रायफलचा १५, एकूण १७. नळी बदलून रायफल १० वर आली की एकूण १२.८. इथे निशाण पंचवीस टक्क्यांनी आवळलं. एकच नळी, तोच खर्च, आणि फायदा दुपटीहून अधिक. ज्याची पकड आधीच स्थिर आहे त्याला चांगली नळी खूप देते. शिकाऊ हाताला थोडंच. शिकाऊ खेळाडूला नवी नळी सुचवणाऱ्याने आधी त्याचा फैलाव मोजलेला असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता रायफलचा फैलाव म्हणतो तेव्हा त्यात नळीचा वाटा किती आणि काडतुसाचा किती? लोक या दोघांना वेगवेगळं समजतात, आणि मला वाटतं मोठा घोटाळा इथेच होतो. ‘महागडं काडतूस घ्या, कुठल्याही नळीत चालेल’ हा गैरसमज. या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .२२ च्या काडतुसात शिशाची सुमारे २.६ ग्रॅमची मऊ गोळी असते. मॅच प्रतीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्यात, ती भरतानाच नळीतल्या चक्राकार खाचांना किंचित टेकते. गोळीचा व्यास, वंगण, दारू, काडतुसाच्या कडेतला स्फोटक मसाला यांतले सूक्ष्म फरक प्रत्येक नळी वेगळ्या तऱ्हेने पचवते. म्हणूनच एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस एका लॉटमध्ये (एका खेपेच्या उत्पादनात) ग्रुप (निशाणावरचा छिद्रांचा पुंजका) आवळून देतं आणि दुसऱ्या लॉटमध्ये सैल सोडतं. शेजारच्या नेमबाजाच्या नळीत बरोबर उलटं घडू शकतं.

काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एलीची बर्मिंगहॅममध्ये आणि लापुआची जर्मनीतल्या शोनेबेकमध्ये चाचणीची सोय आहे. तिथे खेळाडू आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंज्यात अडकवतात, एकामागून एक लॉट झाडून पाहतात आणि जो लॉट जुळेल तो खेळाडू घेतो. आपल्याकडच्या बहुतेकांना हे परवडणारं नाही. पण रेंजवर चार-पाच वेगळ्या लॉटची थोडी थोडी काडतुसं मिळवून टेकूवरून झाडून पाहणं जमण्यासारखं आहे. नवी नळी घेतली आणि जुन्या नळीसाठी निवडलेला लॉटच पुढे वापरला, तर नळीची परीक्षा झालीच नाही. असं करून ‘नळी खराब निघाली’ म्हणणं अन्यायाचं आहे.

परीक्षेबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. पाच गोळ्यांचा एक सुरेख ग्रुप लागला की नळी सिद्ध झाली असं मानतात. त्याच रायफलने, त्याच लॉटने, काहीही न बदलता पुन्हा पाच गोळ्या झाडल्या तर ग्रुप दीडपट मोठा किंवा लहान सहज येतो. तो निव्वळ योगायोग असतो. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप वाढतोच. दहा गोळ्यांचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव हिश्श्याने मोठा असतो. जुन्या नळीचा दहाचा ग्रुप आणि नव्या नळीचा पाचचा ग्रुप शेजारी ठेवून ‘बघा, सुधारली’ म्हटलं, तर त्या सुधारणेचा बराच भाग फक्त मोजण्यातून आलेला असतो. दोन्ही नळ्यांचे दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप तरी घ्यावेत, तेही वारा शांत असताना. सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारासुद्धा या हळू गोळीला ५० मीटरवर अर्ध्या सेंटीमीटरहून अधिक ढकलतो.

नळी लांब तितकी अचूक, ही समजूत जुनी आहे आणि तिला अर्धसत्याचा आधार आहे. रायफलवर डोळ्याजवळची साईट आणि पुढची साईट असते. त्यांच्यातलं अंतर वाढलं की नेम धरतानाची चूक घटते. पूर्वी हे अंतर लांब नळीतून मिळायचं. .२२ च्या काडतुसातली दारू थोडी असते, ती नळीच्या पहिल्या निम्म्या-पाऊण भागातच जळून संपते. पुढची नळी गोळीला काही देत नाही, उलट गोळी आत अधिक वेळ राहते आणि तेवढ्यात हात हलला तर ती चूक निशाणावर उतरते. म्हणून आज बऱ्याच मॅच रायफलींना आखूड नळी असते आणि तिच्यापुढे पोकळ जोडनळी बसवून पुढची साईट तिच्यावर लावतात. अंतर राहतं, वेळ वाचतो.

खाचांचा पीळ जितका जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. .२२ साठी १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये एक फेरा हे प्रचलित माप आहे. सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास निघालेली गोळी त्यातून सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेते आणि ५० मीटरपर्यंत स्थिर राहायला ते पुरतं. स्टेनलेस पोलाद आपोआप जास्त अचूक नसतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते गंजाला अधिक दाद देत नाही, एवढा लाभ जरूर आहे. जाड नळीचं वजन पकड स्थिर करायला मदत करतं आणि तिचा कंपही कमी असतो. पण .२२ मध्ये नळी फारशी तापत नसल्याने गरम होण्याची भीती इथे गैरलागू आहे.

नळी झिजते म्हणून बदलावी लागते, हे मोठ्या काडतुसांच्या रायफलींवरून आलेलं आहे. तिथे वायूचा दाब .२२ च्या अडीचपट असतो, तांब्याच्या आवरणाची गोळी प्रचंड वेगाने जाते, आणि चेंबरपुढचा खाचांचा सुरुवातीचा भाग तापून खरवडला जातो. काही जोरकस काडतुसांत तो दोन-तीन हजार फैरींतच थकतो. .२२ मध्ये मऊ शिसं आणि कमी दाब. नळी त्याहून कितीतरी पट अधिक फैरी टिकते. इथे ग्रुप फुगला तर आधी चेंबरच्या तोंडाशी जमणारं कार्बनचं कडं पाहावं. ते दगडासारखं कडक असतं, साध्या फडक्याने निघत नाही, आणि पुष्कळ ‘झिजलेल्या’ नळ्या ते काढल्यावर पूर्ववत चालतात. सफाईचा गज मात्र नेहमी मागून, मार्गदर्शक नळी लावून घालावा. पुढून घातलेला गज नळीच्या तोंडाची कड दुखावतो. गोळी बाहेर पडते त्या क्षणी वायू तिच्याभोवती सगळीकडून सारखा सुटावा लागतो. कड एका बाजूला जरी दबली तरी गोळीला तिरका धक्का बसतो.

निगेइतकीच बसवणीही महत्त्वाची: उत्तम नळी वाईट बसवली तर ती वाईट नळी होते. चेंबर नळीच्या अक्षाशी एकरेषेत कापलेलं हवं, बोल्टने काडतुसाच्या कडेला नेमका आधार द्यायला हवा, रिसीव्हर स्टॉकमध्ये बिलकुल न हलता बसायला हवा. स्टॉकचे सैल झालेले स्क्रू ही फैलावाची अगदी साधी कारणं आहेत, आणि ते घट्ट करायला टॉर्क पान्याखेरीज काही लागत नाही. काही .२२ नळ्यांना तोंडाशी किंचित आवळ ठेवलेला असतो. हौसेने कोणी तोंडाकडून दोन इंच कापले तर तो आवळच गेला.

आणि हौसेने कापणं भारतात गुन्हाही ठरू शकतं. रायफलची नळी हा बाजारात मिळणारा साधा सुटा भाग आहे, ही समजूत धोकादायक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. दुरुस्तीचं काम परवानाधारकानेच करायचं असतं, आणि नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. नवी नळी मागवण्याआधी, ती परदेशातून असो वा इथली, आपल्या शस्त्र परवान्याच्या कार्यालयात आणि राज्याच्या रायफल संघटनेत लेखी विचारावं, आणि काम झाल्यावर बंदुकीवरचे क्रमांक परवान्याशी जुळतात का ते स्वतः तपासून घ्यावं.