महामारीचे निर्बंध आणि आपली उपासना

4 एप्रिल 2021 रोजी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण होता. त्याच दिवशी राज्य शासनाने ‘ब्रेक द चेन’ निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी रात्री 8 वाजल्यापासून प्रार्थनास्थळे भाविकांना पुन्हा बंद झाली. उपासनाच थांबली, असा समज होणे स्वाभाविक होते. पण तसे नव्हते. बाहेरील व्यक्तींना प्रवेश नव्हता, आतील सेवेकऱ्यांचे नित्यकर्म चालू राहू शकत होते. धर्मगुरू पवित्र मिस्सा अर्पण करीत. समोरची बाके तेवढी रिकामी असत.

मास्कची सक्ती होती, हॉटेलांतून केवळ पार्सल मिळे. 22 एप्रिलपासून विवाहास 25 माणसे, तीही दोन तासांपुरती. धर्मगुरू व दोन साक्षीदार असले की आपला विवाहसंस्कार होतो. त्यामुळे अडली ती मेजवानी.

अंत्यविधीचे दुःख मात्र वेगळे. तेथे मर्यादा 20 जणांची. मोठ्या कुटुंबात कोणी यावे आणि कोणी घरी थांबावे, हे कोणी ठरवावे? खासगी वाहनाने जिल्हा ओलांडण्यास मनाई होती. परंतु अंत्यविधी आणि कुटुंबातील गंभीर आजार यांचा त्यात अपवाद होता. म्हणजे सिंदेवाहीच्या माणसाला वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात आप्ताच्या मातीला जाता येत होते. हा दिलासा आदेशाच्या तपशिलात होता; बंदीची बातमी त्याहून मोठी होती.

प्रार्थनास्थळे उघडली ती 7 ऑक्टोबर 2021 रोजी. मास्कची सक्ती एप्रिल 2022 मध्ये संपली.