नांगर कोणाचा वर?

कोल्हापुरात मोडी वाचणाऱ्या जाणकाराशेजारी बसले, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तो कागद पहिल्या ओळीपासून वाचत नाही. आधी माथा पाहतो, मग तळ. राजपत्र असेल तर माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’. मोर्तब झाल्यावर कोणाला एक अक्षरही वाढवता येत नसे.

पण मला ओढ गावच्या महजरांची, म्हणजे निवाड्याच्या कागदांची. गोतसभेने निवाडा केला, की हजर असलेल्यांची नावे लिहीत आणि नावाशेजारी ज्याची त्याची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, शिंप्याची कातर, परटाची मोगरी. बाई साक्षीला असेल तर बांगडी. चार-दोन रेघांत काढलेली ही चित्रे, पण त्यांवर वतने टिकली.

चिन्हावरून माणूस ओळखण्याची रीत युरोपातही होती. तिथे बाराव्या शतकापासून सरदार ढालींवर चिन्हे रंगवू लागले. त्यांचे नियम कडक. सोन्यावर रुपे नको, रंगावर रंग नको, कारण लांबून ओळख पटली पाहिजे. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. १८७७ च्या दिल्ली दरबारात आपल्या संस्थानिकांनाही अशी चिन्हे असलेली निशाणे मिळाली. ती रॉबर्ट टेलर या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने आखली होती.

महजरावरचा नांगर कोणी आखून दिला नाही. ढालीवरचे चिन्ह एका घराण्याचे. नांगर मात्र गावोगावच्या पाटलांचा एकच. तो माणसाचे घराणे सांगत नाही, गावातले त्याचे काम सांगतो. म्हणून मानाची भांडणे कमी होती असे नाही. पाटीलकीचा वाटा विकला, तर टिळा-विडा आधी कोणाला, होळीची पोळी कोणाची आणि कागदावर नांगर कोणाचा वर, कोणाचा खाली, हे खरेदीखतात लिहून ठेवत. ढालीवरच्या सिंहांपेक्षा मला हा नांगर मोठा वाटतो, कारण त्याच कागदावर त्याच्याखाली परटाची मोगरीही साक्ष देते.

गावचे कागद कुलकर्णी लिहीत. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरातली कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले. हळूहळू निशाणीच्या जागीही अंगठा आला.

घरच्या ट्रंकेत असे कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा मोडी जाणकाराला दाखवा. आणि मजकूर लागत नसला तरी तळ नक्की पाहा. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांची निशाणी तिथे असू शकेल.